मेजरचं डोकं

भामाबाई: ह्ये डोस्कं ह्येचं न्हाई.

सुहास: मावशी, आधी बसा तरी. पाणी देऊ?

भामाबाई: बसाय न्हाई आले. पानी बी नगं. पिशवीवर तुज्याच दुकानाचं नाव हाय ना? 'जुनी खेळणी दुरुस्त करून मिळतील, लोणावळा.' मंग सांग, ह्यो बाहुला तुज्याकडं आला तवा त्येच्या मानंवर कोन व्हतं?

सुहास: बाहुला नाही मावशी, ॲक्शन फिगर म्हणतात. हा कमांडो आहे. नव्वदच्या दशकातला पीस, आपल्या मावळातच बनायचा—

भामाबाई: मला नगं शिकवू. मेजर म्हन त्येला.

सुहास: बरं, मेजर. मेजरला पायलताईंनी आणलं होतं, मागच्या मंगळवारी. दवाखान्यात नर्स आहेत त्या. त्यांची मुलगी खेळत होती आणि मान लुळी पडली. तुम्ही त्यांच्या कोण?

भामाबाई: आई. आज नातीला, अमृताला भेटाय टाकव्यावरनं आले, तर ती म्हनती, आजी, बग मेजर कसा गोरा झाला! तिच्या हातातनं घेतला आन् तशीच हितं आलेय, चपला बी पायलच्याच हायेत पायात. मला येक सांग बाबा. मान लुळी पडली तर मान बगायची, का मानूसच बदलायचा?

सुहास: अहो, तसं नाही. जुन्या डोक्यावर कुणीतरी घरी रंग फासलेला होता. चॉकलेटी रंग, काळे डोळे, वर जाड भुवया. लहान मुलं करतात असे उद्योग. त्या रंगानं पीसची पार वाट लागली होती. माझ्याकडं त्याच मालाचं एक सुटं डोकं पडून होतं, एकदम ओरिजिनल. हे बघा, डोळे बघा. निळे. कुठं ओरखडा नाही.

भामाबाई: फासलेला?

सुहास: म्हणजे... लावलेला.

भामाबाई: न्हाई, फासलेला म्हनलास तू. आयकलंय म्या. तुला दिसतंय का रं धड? का नुसता चष्मा लावून बसलाईस? भुवई बगितली व्हतीस? येकेक केस सुटा काडलाय तितं. ल्हान पोराचं काम हाय ते?

सुहास: मावशी, आवाज नका चढवू, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. मी हे काम बारा वर्षं करतोय. मुंबईचे, बंगळूरचे लोक माझ्याकडं पीस पाठवतात, ते काय उगाच? ओढून-ताणून काही केलेलं नाही मी. डोकं बदलायची रीत असते. पाणी गरम घ्यायचं, उकळतं नाही. त्यात मिनिटभर डोकं बुडवायचं, म्हणजे रबर मऊ होतं. मग सरळ वर घ्यायचं. पिळायचं नाही. थंड असताना ओढलं तर मानेचा खुंट मोडतो. माझ्या हातून आजवर एक खुंट मोडलेला नाही.

भामाबाई: लय गुनाचा. आन् मिनिटभर बुडवून काडल्यालं ते डोस्कं कुटं टाकलंस?

सुहास: आहे ना. टाकीन कशाला? इथंच आहे.

भामाबाई: दाव.

सुहास: ते जरा साफसफाईला ठेवलंय.

भामाबाई: कशात?

सुहास: मी पायलताईंना फोन करतो, थांबा.

भामाबाई: कर. तिला बी कळू दे तुजं धंदं. पन आदी सांग, कशात ठिवलंय? त्या बरनीत काय हाय? ती, ती निळ्या झाकनाची!

सुहास: हात नका लावू! स्पिरिट आहे ते.

भामाबाई: स्पिरिटात? माज्या मेजरचं त्वांड स्पिरिटात घातलंस तू?

सुहास: अहो, वरचा घरगुती रंग निघाला की खाली फॅक्टरीचा रंग सापडतो. मग तेच डोकं दुसऱ्या एखाद्या—

भामाबाई: मुडद्या, काड ते भायेर! काड म्हनते ना!

(पायल दुकानात शिरते. अंगावर दवाखान्याचा गणवेश, श्वास लागलेला.)

पायल: आई! रस्त्यापर्यंत ऐकू येतंय तुझं. अमृता फोनवर रडतेय, आजी मेजरला हिसकावून घेऊन गेली म्हणून. मी ड्युटी टाकून आले.

भामाबाई: बरं झालं आलीस. बग ह्या बाबाचं काम. तुला न इचारता मेजरचं डोस्कं उपटलं, आन् आता स्पिरिटात बुडवून त्येची कातडी सोलतोय. बोल त्येला काय बोलायचं ते. का मी बोलू?

पायल: त्याला नको बोलूस.

भामाबाई: का? तुजा पावना लागतो का त्यो?

पायल: त्यानं विचारलं होतं. मीच सांगितलं, डोकं बदल म्हणून.

भामाबाई: काय?

पायल: मी सांगितलं. दुसरं चांगलं बसव, ते जुनं नको. आणि ते परत देऊ पण नकोस, तुझ्याकडंच ठेव, असं मी म्हणाले.

सुहास: मावशी, मी आता डोकं बाहेर काढू का?

भामाबाई: तू गप! चांगलं म्हनलीस? चांगलं दुसरं बसव?

पायल: हो.

भामाबाई: मंग ह्येला कशाला शिव्या घालतेय मी? ऱ्हाऊ दे रं ते बरनीतच. इरघळू दे. हिला नगं झालं ना, मंग आपुन का जीव काडायचा?

सुहास: नाही, म्हणजे सकाळी सातपासून आहे ते आत. जास्त वेळ ठेवलं की रबर कडक होतं, म्हणून आपलं—

पायल: सुहास, एक मिनिट थांब. आई, तुला राग आलाय ना? येऊ दे. पण मलाही तीस वर्षं राग आहे, आज ऐकून घे. जयंतीच्या दिवशी तू मला मेजर दिलास. नवा फ्रॉक घालून मी त्याला वस्तीभर मिरवला. आपल्याकडं सगळे छान म्हणाले. मग मी त्याला शाळेत नेला.

भामाबाई: म्याच दिला व्हता दप्तरात.

पायल: वर्गात चार पोरांकडं तसेच कमांडो होते. गावातल्या निम्म्या बाया तुझ्याबरोबर त्याच खेळण्यांच्या कारखान्यात होत्या की. सगळे गोरे, निळ्या डोळ्यांचे. माझाच एक काळा. धोंडिबाच्या बजरंगनं तो माझ्या हातातून घेतला, बाकावर चढला आणि सगळ्यांना दाखवून म्हणाला, ह्यो तर हिच्या आळीतला दिसतोय. गुरुजी हसले, आई. पोरं हसली त्याचं काही नाही. गुरुजीसुद्धा हसले.

भामाबाई: ह्ये सांगितलं न्हाईस तू.

पायल: काय सांगू? तू किती खुशीत होतीस. मी त्याला पेटीत तळाला घातला, वरून गोधड्या टाकल्या. तुला वाटायचं पोरगी जपतेय. मी लपवत होते त्याला. आणि आता अमृतानं दिवाळीत पेटी उपसली, तो शोधून काढला आणि छातीशी धरून बसली. उद्या तिच्या शाळेत घरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. बाईंना सांगून बसलीय, मी आमचा मेजर आणणार. मग मी काय करायचं? तिला पण कुणीतरी बाकावर चढून दाखवायची वाट बघू?

भामाबाई: म्हनून त्येचं त्वांड बदललंस.

पायल: बदललं. तुला त्या एका खेळण्याला वेगळं तोंड रंगवायची हौस का आली होती, ते मला आजवर कळलं नाही. सगळ्यांसारखा दिला असतास तर काय बिघडलं असतं? तू मजेत रंगवलंस आणि भोगलं मी!

भामाबाई: मजेत?

पायल: मग कसं?

भामाबाई: तीन वरसं, पायल. तीन वरसं सकाळी आठ ते सांजंपतुर डोळं काडलं म्या. निळं. फुड्यात पट्टा चालायचा, त्येच्यावर नुसती डोस्की. आंधळी यायची, म्या डोळं दिलं की म्होरं जायची. घरी आले तरी मिटल्या डोळ्याम्होरं निळं ठिपकं नाचायचं. आन् येक दिस तू इचारलंस. आठवतंय का?

पायल: नाही.

भामाबाई: सात वरसाची व्हतीस. म्हनलीस, आये, कारखान्यात आपल्यावानी कुनीच का बनत न्हाई?

पायल: मी असं म्हणाले होते?

भामाबाई: तूच. मंग म्या येक डोस्कं बाजूला घेतलं, बिनरंगाचं. जेवनाच्या सुट्टीत बसले. आपल्या त्वांडाचा रंगच न्हवता तितं. पांढरा व्हता, गुलाबी व्हता, आन् बुटाला द्यायचा चाकलेटी. त्यो चाकलेटी घेतला, थोडा गुलाबी घातला, आन् रंगवलं. धड घेतलं टाकाऊतलं, त्येचं करंगळीचं बोट न्हाई बग. भट्टीतनं डोस्कं भायेर आलं आन् सुपरवायझरनं उचललं. समद्या लाईनीम्होरं वर धरलं. म्हनला, बुटाचा रंग त्वांडाला लावलाय कुनी?

पायल: तू काय म्हणालीस?

भामाबाई: म्हनलं, म्या. मंग म्हनलं, सायेब, आमच्या त्वांडाचा रंग कुटं ठिवलाय त्यो दावा, त्यो लावते.

सुहास: बापरे.

भामाबाई: तवा त्यो हसला. म्हनला, व्हय की, तुज्या आळीतलाच दिसतोय ह्यो. आन् समद्या हसल्या. माज्या शेजारी नंदाबाई बसायची, येका डब्यात जेवायचो आमी, ती बी हसली. म्या त्येच्या हातातनं डोस्कं काडून घेतलं. म्हनलं, व्हय. आमच्यातलाच हाय. त्यो म्हनला, मंग ह्येला घिऊन घरी जा, उद्यापसनं येऊ नगंस.

पायल: तू तर सांगितलं होतंस, कारखाना बंद पडला.

भामाबाई: पडला. पन चार वरसांनी.

पायल: आई, आणि आम्ही... तू दुसऱ्या दिवसापासून खुरपायला जायला लागलीस. मी विचारलं होतं तुला, रंगाचं काम का सोडलंस? तू म्हणालीस, वासानं डोकं दुखतं.

भामाबाई: मंग काय सांगनार व्हते? तुजा मेजर मला येवढ्याला पडला म्हनून? पोरीच्या हातातल्या खेळन्यावर कुनी वझं ठिवतं का?

पायल: सुहास, काढ ते बाहेर.

सुहास: काढू ना नक्की? दोघींचं एकमत आहे ना?

पायल: काढ रे!

सुहास: चिमटा कुठं गेला... हां. आलं. अरे!

पायल: काय झालं? गेला का रंग?

सुहास: नाही. तेच म्हणतोय. घरी लावलेला रंग दहा मिनिटांत सुटतो. याला पाच तास झाले आणि भुवईचा केससुद्धा हललेला नाही. स्पिरिट पाण्यासारखं स्वच्छ आहे बघा.

भामाबाई: न्हाई सुटायचा. बिनरंगाच्या रबरावर दिलाय आन् भट्टीतनं काडलाय. आत मुरलाय त्यो. तुज्या बरनीत वरीसभर बुडीव, काय व्हनार न्हाई त्येला.

सुहास: म्हणजे याच्याखाली दुसरा रंगच नाही? हाच फॅक्टरीचा रंग?

भामाबाई: मानंच्या आत बग. भोकातनं. काय दिसतंय?

सुहास: निळा ठिपका. हो, असतात हे ठिपके. लाल असतो, पिवळा असतो. बॅचची खूण आहे ती. आमच्या जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर यावरून केवढी भांडणं होतात, कुठली बॅच आधीची आणि कुठली नंतरची.

भामाबाई: बॅच न्हाई रं. बाया व्हत्या त्या. लाल नंदाबाईचा, पिवळा सविताचा. डोळं समद्याच काडायचो, पन वळखाया परतेकीचा ठिपका येगळा, माजा निळा. डोळा वाकडा गेला तर कुनाला बोलायचं ते सायबाला कळाय पायजे, म्हनून ठिपका.

सुहास: मावशी, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? अशा रंगाचं एकही डोकं कुणी पाहिलेलं नाही. जगात हा एकच पीस! तुम्ही म्हणाल ती किंमत देतो. माझ्याकडं काचेच्या कपाटात ठेवतो, खाली तुमचं नाव—

पायल: मघाशी वाट लागलेला पीस होता ना रे?

सुहास: तेव्हा मला माहीत नव्हतं.

भामाबाई: आता काय येगळं झालं? त्वांड तेच हाय. सकाळी त्येला सोलाय निगालता, आन् आता कपाटात बसवतोस? घाल ते साबनाच्या पान्यात, धू नीट, आन् जिथलं हाय तितं बसीव.

सुहास: बसवतो. पाणी तापायला ठेवतो. पण आधीच सांगतो, रागावू नका. खुंट तीस वर्षांचा आहे. एकदा डोकं काढून बसवलं तेव्हा टिकला. आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणजे जोखीम आहे. मोडला तर मग हेही बसणार नाही आणि तेही नाही.

पायल: दुसरा खुंट बसवता येतो का?

सुहास: भोक पाडून तार घालता येते. पण मान मग वळत नाही. आणि... खरं सांगू का, आता त्याला हात लावायचा मला धीर होत नाही.

भामाबाई: सर बाजूला. पानी किती गरम केलंस?

सुहास: पन्नास अंश. थर्मामीटर आहे ना.

भामाबाई: त्यो ठिव खाली. बोट घालून बगते मी. काडावंसं वाटतंय पन काडाय लागत न्हाई, येवढं पायजे... हां. पायल, धड तू धर.

पायल: मी नको. माझ्याकडून मोडलं तर?

भामाबाई: ताजी जल्मल्याली पोरं धरतीस ना दवाखान्यात? तशी धर. खांदं धर, कंबर नगं. आदी ह्ये गोरं काडू. बुडीव. आजून. आता वढायचं न्हाई. डोस्कं डुलवायचं, हिकडं, तिकडं. हनुवटीखाली आंगटा, आन् वर. आलं बग.

सुहास: खुंट बघा, खुंट!

भामाबाई: हाय रं शाबूत. आता आपलं घाल पान्यात. वरनं दाबू नगंस, पायल, तू फकस्त धरून ऱ्हा. आदी मागची कड सरकवायची, मंग म्होरली.

पायल: आई, चरचरलं काहीतरी.

भामाबाई: चरचरू दे. भेऊ नगंस.

पायल: बसलं?

भामाबाई: वळवून बग मान. हळू. दुसऱ्या बाजूला.

पायल: वळतेय. आई, वळतेय.

सुहास: अर्धा तास तसाच उभा ठेवा, गार होईपर्यंत. हात नका लावू. मावशी, ही कड आधी सरकवायची युक्ती मला माहीत नव्हती.

भामाबाई: तुला बरंच काय म्हाईत न्हवतं.

पायल: अमृतानं विचारलं होतं, जुनं डोकं कुठं गेलं. मी तिला सांगितलं, हरवलं.

भामाबाई: मंग आता काय सांगशील?

पायल: सांगेन, मी टाकून दिलं होतं, आजीनं आणलं. पण उद्या शाळेत कुणी काही बोललं तर, आई?

भामाबाई: बोलतील. न्हाई बोलनार असं थोडीच हाय. तिला सांगून ठिव काय म्हनायचं ते. व्हय, आमच्यातलाच हाय, म्हनायचं. आन् तिनं म्हनलं तरी तू रिकामी बसू नगंस. गुरुजी हसला तर शाळंत जायाचं. मला तवा कळलं असतं तर म्या गेले असते.

पायल: मी जाईन.

सुहास: ताई, हे गोरं डोकं तुमचं आहे. पैसे दिलेत तुम्ही. पिशवीत टाकू?

पायल: नको मला. फेक नाहीतर कुठंतरी.

भामाबाई: थांब. आन हिकडं ते.

पायल: आता आणखी काय, आई? पुरे की.

भामाबाई: माजी नजर पोचत न्हाई आता. सुहास, तू बग. मानंच्या आत.

सुहास: थांबा, बॅटरी लावतो. आहे ठिपका.

भामाबाई: कुठला?

सुहास: निळा.

पायल: आई...

भामाबाई: फेकू नगंस रं. ह्येचं बी डोळं मीच काडलं व्हतं. कुटं येकादं रिकामं धड मिळतंय का बग ह्येला.